भूमी राखायची की माणसे?
खंदकयुद्धातील बचावनीतीचा एक धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आजचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपल्या अभ्यासवर्गांत जमीनसुधारणा, सहकार, कामगार कायदे, जातिनिर्मूलन यांची चर्चा होते. सैन्याच्या बचावनीतीची होत नाही. युद्ध त्याज्य आहे, म्हणून युद्धशास्त्राशी आपला संबंध नाही, असा समज आपल्या मंडळींत रूढ झालेला आहे. हा समज मला घातक वाटतो. आपण युद्धशास्त्राकडे पाठ फिरवली म्हणून ते नाहीसे होत नाही. ते मूठभर लोकांच्या हाती राहते आणि त्याची किंमत मात्र शेतकऱ्याकामगारांची मुले मोजतात. हे विधान मी पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीच्या आधारे आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम परिस्थिती समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दूरवर मारा करणारी रायफल, मशीनगन आणि काटेरी तार ही तीन साधने एकत्र आली. उघड्या मैदानातून चालत येणाऱ्या माणसापेक्षा जमिनीत खड्डा खणून बसलेला माणूस कितीतरी पटींनी बलवान झाला. हे सेनापतींच्या आधी एका नागरिकाने ओळखले. इव्हान ब्लोख हा पोलंडमधला, रेल्वेच्या व्यवसायात पैसा मिळवलेला सावकार. त्याने १८९८ मध्ये सहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध करून सांगितले की, पुढील युद्धात रायफलीइतकेच महत्त्व फावड्याला येईल, लढाई निर्णायक होणार नाही, ती लांबेल आणि राष्ट्रे आतून पोखरली जातील. सैनिकी पेशातील मंडळींनी या ग्रंथाची फारशी बूज राखली नाही.

शस्त्रांखेरीज आणखी एक कारण होते, ते सहसा सांगितले जात नाही. बचाव करणाऱ्याची कुमक रेल्वेने येत असे. हल्ला करणाऱ्याची कुमक त्याच्याच तोफांनी चाळण केलेल्या चिखलातून पायी येत असे. हल्लेखोर पहिला खंदक घेऊ शके, प्रसंगी दुसराही घेई. पण तोवर टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, तोफा मागे राहिलेल्या आणि सेनापतीला पुढे काय चालले आहे याचा पत्ता नसलेला, अशी त्याची अवस्था होई. दरम्यान समोरचे भगदाड आगगाडीतून उतरलेल्या ताज्या पलटणींनी बुजवलेले असे. बचावाचे सामर्थ्य असे यंत्रयुगातूनच उत्पन्न झाले होते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, म्हणजे पुढच्या साऱ्या घटनांचा अर्थ लागतो.

मग युरोपातील सेनाधिकाऱ्यांनी चढाईचा हट्ट का धरला? फ्रान्सचे उदाहरण घेऊ. १९११ मध्ये फ्रेंच सैन्याचे नियोजित सरसेनापती जनरल मिशेल यांनी एक योजना मांडली. जर्मनी बेल्जियममधून येईल. म्हणून राखीव सैनिकांना नियमित पलटणींत मिसळून घ्यावे, उत्तरेकडे समुद्रापर्यंत फळी पसरावी आणि बचावाने लढावे, असा तिचा आशय होता. वरिष्ठ युद्धमंडळाने जुलै १९११ मध्ये ती फेटाळली, मिशेल यांना पदावरून दूर केले आणि जोफ्र यांची नेमणूक केली. राखीव सैनिक म्हणजे काय, तर काही काळ बराकीत काढून घरी गेलेला शेतकरी, गवंडी, शाळामास्तर. असा माणूस खऱ्या लढाईत टिकेल यावर वरिष्ठांचा विश्वास नव्हता.

याच सुमारास फ्रेंच समाजवाद्यांचे नेते जाँ जोरेस यांनी ‘नवे सैन्य’ हा आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९१० मध्ये त्यांनी संसदेत जे विधेयक मांडले, त्याचे समर्थन म्हणून तो लिहिलेला आहे. जोरेस शांततावादी होते, पण देश निःशस्त्र करा असे त्यांनी म्हटले नाही. त्यांची मागणी अशी होती की, बराकीतील सेवा सहा महिन्यांवर आणावी, नंतर प्रत्येक नागरिकाला वेळोवेळी शिक्षण द्यावे, अधिकारी जनतेतून व विद्यापीठांतून घडवावेत, आणि या सशस्त्र राष्ट्राने बचावाचे युद्ध लढावे. नागरिक-सैन्य आणि बचाव या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत गुंफल्या होत्या. परमुलखावर चालून जाण्यास दीर्घकाळ बराकीत घोटलेला, आज्ञेने यंत्रवत हलणारा शिपाई लागतो. स्वतःचे घर राखण्यास जाणता नागरिक पुरतो. जोरेस यांच्या विरोधकांना हे पुरते कळत होते. म्हणून चढाईचे तत्त्वज्ञान आणि १९१३ चा तीन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा हे बरोबरच पुढे आले, आणि जोरेस यांनी दोहोंना विरोध केला. चढाईचा आग्रह हा निव्वळ तंत्राचा प्रश्न नव्हता. सैन्य कोणाच्या ताब्यात राहावे, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते.

३१ जुलै १९१४ रोजी पॅरिसच्या एका उपाहारगृहात जोरेस यांचा खून झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, लाल तुमानी घातलेले फ्रेंच शिपाई आर्देन व लोरेन भागांत जर्मन मशीनगनांवर चालून गेले. त्या एका दिवसात सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मारले गेले. जर्मनीने बेल्जियममधून येताना आपली राखीव दले पहिल्याच फळीत आणली होती. जो शेतकरी आणि गवंडी लढाईला अपात्र ठरवला होता, त्याच्याच बळावर ती फळी उभी होती.

१९१४ च्या हिवाळ्यापर्यंत स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची खंदकांची ओळ तयार झाली. बचाव बलवान आहे हे आता आंधळ्यालाही दिसत होते. तथापि बचाव कसा करावा याबद्दलचे जुने खूळ गेले नव्हते. जमिनीचा एक हातही सोडायचा नाही आणि गेलेला खंदक तत्काळ हल्ला करून परत घ्यायचा, असा दोन्ही बाजूंचा दंडक होता. १९१६ मध्ये सोम नदीच्या लढाईत याचे दुष्परिणाम दोघांनीही भोगले. पहिल्या दिवशी, १ जुलै रोजी, चढाई करणाऱ्या ब्रिटिशांची ५७,४७० माणसे कामी आली वा जखमी झाली. त्यांतील १९,२४० मृत होती. हा आकडा प्रसिद्ध आहे. पुढच्या साडेचार महिन्यांत बचाव करणाऱ्या जर्मनांची हानी चार लाखांच्या वर गेली, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. आपल्या हुकमाविना खंदक सोडणाऱ्याला लष्करी न्यायालयापुढे खेचण्याची तंबी जर्मन सेनापतींनी दिली होती. पुढचा खंदक माणसांनी खच्चून भरलेला असे, आणि ब्रिटिश व फ्रेंच तोफांना नेमके तेच हवे होते.

ऑगस्ट १९१६ च्या अखेरीस फाल्केनहाइन यांना दूर करून हिंडेनबुर्ग आणि ल्यूडेनडॉर्फ यांच्या हाती सूत्रे आली. त्यांनी कर्नल बाउअर आणि कॅप्टन गेयर या दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांकडून बचावाची नवी नियमावली लिहवून घेतली. ती १ डिसेंबर १९१६ रोजी लागू झाली. बचावाच्या लढाईत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, ते लॉसबेर्ग या नियमावलीच्या विरोधात होते. शिपायाला मागे सरकण्याची मुभा दिली तर फळी कोलमडेल, अशी त्यांची शंका होती. वरिष्ठांनी त्यांचा प्रतिकूल अनुभवलेखही सैन्यात वाटला आणि वाद उघडपणे चालू दिला.

या नव्या पद्धतीचे स्वरूप थोडक्यात सांगतो. एका ओळीऐवजी एकामागे एक तीन पट्टे आखायचे. सर्वांत पुढच्या पट्ट्यात विखुरलेल्या छोट्या चौक्या. त्यांचे काम शत्रूला अडवण्याचे नाही, त्याची लय मोडण्याचे व मागे इशारा देण्याचे. त्यामागे दोनअडीच किलोमीटर खोल असा मुख्य लढाईचा पट्टा. त्यात काँक्रीटच्या कोठड्या आणि मशीनगनांची ठाणी, शक्यतो टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, म्हणजे शत्रूच्या तोफांना ती दिसू नयेत. त्याच्याही मागे, तोफांच्या टप्प्याबाहेर, ताज्या डिव्हिजना. शत्रूला आत येऊ द्यायचे. तो थकला, पांगला, आपल्या तोफांच्या आधारापासून दूर आला की त्यावर उलट हल्ला करायचा. शिर सलामत तर पगडी पचास, हे आपल्याकडचे शहाणपण या नियमावलीच्या मुळाशी होते.

या पद्धतीत निर्णयाचा अधिकार खाली सरकला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. धुराळ्यात, तारा तुटलेल्या असताना, चौकी सोडायची की लढवायची हे दहा मैल मागे बसलेला जनरल ठरवू शकत नाही. ते त्या खड्ड्यातल्या नाईकाने ठरवायचे. ज्यांना वरिष्ठांनी आजवर केवळ आज्ञाधारक मानले, त्यांच्या विवेकावर सारा डोलारा उभा राहिला. तेथे विश्वास न टाकणाऱ्यांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. एप्रिल १९१७ मध्ये आरास येथे एका जर्मन सेनेने जुन्या रीतीने पुढचे खंदक भरले आणि राखीव डिव्हिजना इतक्या मागे ठेवल्या की त्या वेळेवर पोहोचल्याच नाहीत. विमी टेकडी कॅनडाच्या पलटणींनी घेतली. मार्च १९१८ मध्ये ब्रिटिशांनी जर्मनांचे तीन पट्टे कागदावर उतरवले, परंतु फार मोठे बळ पुढेच कोंबले. २१ मार्चच्या एका दिवसात त्यांचे सुमारे २१,००० सैनिक कैद झाले.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. ज्या ल्यूडेनडॉर्फने नाईकाला स्वातंत्र्य दिले, त्यानेच जर्मनीत लष्करी हुकूमशाही चालवली. १९१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मन सैन्य मागे सरून नव्या तटबंदीत गेले. आघाडी सुमारे ४० किलोमीटरने आखूड झाली व तेराचौदा डिव्हिजना मोकळ्या झाल्या. सैनिकी हिशेबाने ही माघार अव्वल दर्जाची होती. परंतु ती तटबंदी रशियन युद्धकैद्यांकडून आणि बेल्जियममधल्या नागरिकांकडून सक्तीने बांधून घेतलेली होती; सोडलेल्या मुलखातली गावे सुरुंगाने उडवली, विहिरी नासवल्या, फळझाडे तोडली आणि एक लाखाहून अधिक रहिवाशांना हाकलून नेले. शिपायाचे प्राण वाचवताना शेतकऱ्याचे घर बेचिराख करणारी ही नीती होती. तंत्रातले शहाणपण आपोआप माणुसकीकडे नेत नाही.

आता फ्रेंच बाजूकडे वळू. १६ एप्रिल १९१७ रोजी जनरल निव्हेल यांनी शमँ दे दाम या डोंगरकण्यावर हल्ला चढवला. अठ्ठेचाळीस तासांत फळी फोडतो, असे त्यांचे अभिवचन होते. समोर नवा खोल बचाव होता. दहा दिवसांत फ्रेंचांची हानी एक लाखाच्या वर गेली. त्यानंतर जे घडले त्याला सरकारी भाषेत ‘बंड’ म्हणतात. सुमारे निम्म्या फ्रेंच डिव्हिजनांत कमीअधिक प्रमाणात शिपायांनी आज्ञा मानण्यास नकार दिला. परंतु त्या नकाराचे स्वरूप पाहा. बहुतेक ठिकाणी त्यांनी खंदक सोडले नाहीत. आम्ही फळी राखू, पण निरर्थक चढाईला जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मी म्हणेन की, त्या सैन्यात बचावाचे तत्त्व प्रथम समजले ते या साध्या शिपायांना. गिरणीतील कामगार जसा यंत्र न मोडता काम थांबवतो, तसा हा संप होता. पाचशेहून अधिक जणांना मृत्युदंड सुनावला गेला. त्यांपैकी बहुतेकांचा अमलात आला नाही, काहींचा आला.

नवे सेनापती पेतँ यांनी मोठ्या चढाया थांबवल्या, रजा आणि जेवण सुधारले, आणि डिसेंबर १९१७ मध्ये खोल बचावाचा आदेश काढला. पुढे १९४० नंतर याच पेतँ यांनी नाझींशी सहकार्य करणारे सरकार चालवले आणि १९४५ मध्ये देशद्रोहाबद्दल शिक्षा भोगली; तेव्हा त्यांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या आदेशाचे काय झाले, ते मात्र पाहू.

शमँ दे दामवर जनरल द्यूशेन होते. हा कणा १९१७ मध्ये फ्रेंच रक्त सांडून घेतलेला आहे, त्याचा एक वीतभर तुकडाही सोडणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. सरसेनापती फॉश यांनाही भूमी सोडण्याची कल्पना रुचत नव्हती. द्यूशेन यांनी आपली बहुतेक माणसे, विश्रांतीसाठी तेथे पाठवलेल्या थकलेल्या ब्रिटिश डिव्हिजनांसह, पुढच्या खंदकांत ठेवली. २७ मे १९१८ रोजी पहाटे एक वाजता सुमारे चार हजार जर्मन तोफा सुरू झाल्या. पुढचे सारे जागच्या जागी गाडले गेले आणि मागे अडवायला कोणी उरले नाही. त्या दिवसात जर्मन जवळपास २० किलोमीटर पुढे आले. खंदकयुद्धाच्या काळात ही अघटित गोष्ट होती. तीनचार दिवसांत ते मार्न नदीवर पोहोचले. सांडलेल्या रक्ताचा मान राखण्यासाठी आणखी रक्त सांडले, आणि तो कणाही गेला.

सात आठवड्यांनी, १५ जुलैला, शांपाञ प्रांतात जनरल गूरो यांच्यावर तशीच वेळ आली. त्यांनाही भूमी सोडणे प्रथम पटले नव्हते. पेतँ यांना त्यांची समजूत घालावी लागली होती. आदल्या संध्याकाळी पकडलेल्या कैद्यांकडून हल्ल्याची वेळ समजली. गूरो यांनी पहिली फळी जवळजवळ रिकामी केली आणि फ्रेंच तोफांनी आधीच मारा सुरू केला. जर्मनांचा दारूगोळा ओस खंदकांवर खर्ची पडला. त्यांचे पायदळ रिकाम्या जागेतून पुढे आले ते थेट मुख्य फळीच्या अभंग तोफांपुढे, आणि दुपारपर्यंत हल्ला मोडला. त्याच दिवशी राँसच्या पश्चिमेला, जेथे नदीकाठच दाट धरून ठेवला होता, तेथे जर्मनांना मार्न ओलांडता आली. तीन दिवसांनी दोस्तांचा उलट हल्ला सुरू झाला आणि युद्धाचे पारडे फिरले.

या विजयाचीही किंमत होती. रिकाम्या फळीत काही माणसे मागे ठेवली होती. शत्रू कोठवर आला हे रोषणाईच्या बाणांनी कळवायचे आणि जमेल तितका वेळ त्याला खोळंबवायचे, हे त्यांचे काम. त्यांतले पुष्कळ परतणार नाहीत हे त्यांना व वरिष्ठांना ठाऊक होते. खोल बचाव म्हणजे बिनरक्ताचा बचाव नव्हे. हे दोन सेनापती शेजारी ठेवून पाहिले की एवढेच दिसते: एकाने भूमी आधी मोजली आणि दुसऱ्याने माणसे आधी मोजली.

हा प्रश्न केवळ फ्रान्सचा नव्हता. आपल्या मुलखातील घरांनाही त्याची झळ लागली. इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन बगदादवर पाठवली गेली आणि माघारी येऊन टायग्रिस नदीच्या वळणावरील कूट-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सुटकेसाठी निघालेल्या फौजेपुढे तुर्कांनी नदी आणि दलदल यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत खंदक खणले होते. त्या खंदकांवर पुनःपुन्हा समोरून हल्ले झाले. सुमारे २३,००० माणसे हकनाक कामी आली वा जखमी झाली, आणि वेढा उठला नाही. १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, कूटने शरणागती पत्करली. कैदेत गेलेले पुष्कळजण वाटेतल्या कूचात आणि बंदिवासात मेले. या मोहिमेत बगदादपर्यंत जायचे की अलीकडेच थांबून बचाव करायचा, हा निर्णय लंडन आणि सिमला येथे झाला. पलटणीतल्या शिपायाला तेथे मत नव्हते, आणि त्याच्या गावाला तर मुळीच नव्हते.

एक आक्षेप आपल्या मनात आला असेल. बचावाचे एवढे महात्म्य सांगता, तर १९४० मध्ये फ्रान्स का कोसळला? १९३० पासून बांधलेली माजिनो तटबंदी कामास का आली नाही? त्याचे उत्तर असे की, १९१८ च्या अनुभवातून फ्रेंच राज्यकर्त्यांनी काँक्रीट तेवढे उचलले. खोल बचावाचा प्राण मागे राखलेल्या, चटकन हलणाऱ्या दलांत होता. १९४० च्या मे महिन्यात फ्रेंचांनी आपली चांगली राखीव सेना हॉलंडच्या दिशेने धाडून दिली, आणि सेदाँपाशी फळी फुटली तेव्हा हाताशी काही उरले नाही. भिंत होती, पण भिंतीमागे उलट हल्ला करणारे कोणी नव्हते. बचाव म्हणजे भिंतीच्या आड स्वस्थ बसणे, हा समज चढाईच्या खुळाइतकाच महागात पडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भूमी सोडा म्हणणे सोपे आहे. पण त्या भूमीवर लोक राहतात, त्यांचे काय? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न एकट्या सेनापतींवर सोडता येत नाही. कोणता मुलूख तात्पुरता सोडता येईल, तेथील रहिवाशांना आधी कोठे व कसे हलवायचे, त्यांच्या घरादाराची भरपाई कोण करणार, हे शांततेच्या काळात लोकप्रतिनिधींनी ठरवायचे प्रश्न आहेत. ते आधी ठरले नाहीत तर लढाईच्या ऐन वेळी दोनच पर्याय उरतात: द्यूशेन यांच्यासारखे हट्टाने माणसे गाडून घेणे, किंवा ल्यूडेनडॉर्फप्रमाणे मुलूख जाळून निघून जाणे.

साथींनो, जोरेस यांच्या मारेकऱ्याला १९१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने निर्दोष सोडले. पाच वर्षांनी त्याच पॅरिसने जोरेस यांचे अवशेष राष्ट्रीय स्मारकात नेले. त्यांचा पुतळा उभारणे सोपे होते. संरक्षणाचा प्रश्न नागरिकांचा आहे हे त्यांचे म्हणणे पचवणे अवघड होते, आणि आजही आहे. संरक्षणाचा अर्थसंकल्प येतो तेव्हा आपले प्रतिनिधी बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात: देशभक्तीच्या भरात बाके वाजवतात, किंवा शस्त्रांचा खर्च कमी करा एवढे म्हणून खाली बसतात. यापुढे त्यांनी काही नेमके प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पुढच्या ठाण्यावर किती माणसे ठेवली आहेत आणि ती तेथे संरक्षणासाठी आहेत की प्रतिष्ठेसाठी? राखीव बळ किती आणि कोठे आहे? संकटात मागे सरकण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्यापर्यंत दिलेला आहे? सरहद्दीवरच्या गावांना विश्वासात घेतले आहे काय? हे प्रश्न विचारण्यासाठी लष्करी गुपिते फोडावी लागत नाहीत. त्यासाठी थोडा अभ्यास लागतो, आणि तो करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.